नारिंगी पाकीट: स्वीडनच्या सरकारी पेन्शनमध्ये १३ वर्षं पैसे भरल्यानंतरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय आणि तो उगाच कापलेला नाहीये.

मी २०१२ ला नोकरीसाठी स्वीडनला आले, तेव्हापासून गोथेनबर्गमध्येच आहे. इथे नवीन येणारे आपले लोक घर, पर्सनल नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), बँकआयडी (ऑनलाइन ओळख पटवायचं ॲप), मुलांची शाळा हे सगळं विचारतात, पेन्शनबद्दल कोणी म्हणजे कोणीच विचारत नाही, आणि मग वर्षाच्या सुरुवातीला पेन्शनचा वार्षिक हिशोब असलेलं ते नारिंगी पाकीट आलं (आता बऱ्याच जणांना डिजिटल मेलबॉक्समध्येच येतं) की फोटो काढून ग्रुपवर टाकतात, "अगं हे काय आलंय, दंड वगैरे तर नाही ना?" मी पण पहिल्या वर्षी ते न वाचता ड्रॉवरमध्ये कोंबलं होतं. दुसऱ्या वर्षी वाचलं, अर्धं कळलं नाही म्हणून एका रविवारी कागद पेन घेऊन बसले, आणि तेव्हापासून मला या विषयाचं वेडच लागलंय असं नवरा म्हणतो. तर हा रिव्ह्यू फक्त सरकारी पेन्शनचा. कंपनीकडून जी वेगळी पेन्शन मिळते ती इथल्या बहुतेक नोकरदारांना असते, पण ती यात धरलेली नाहीये.

आधी पैसे किती जातात ते. सरकारी पेन्शनला १८.५ टक्के जातात, पण पगाराच्या स्लिपवर हा आकडा शोधाल तर सापडणार नाही, मी पण शोधला होता. हिशोब असा आहे की तुमच्या नावाने ७ टक्के पेन्शन फी लागते, पण तेवढीच रक्कम इन्कम टॅक्समधून वजा होते म्हणून खिशाला ती जाणवत नाही, आणि वरून मालक १०.२१ टक्के भरतो. दोन्ही मिळून १७.२१. आता पेन्शनसाठी तुमचा पगार मोजताना ती ७ टक्के फी काढून उरलेला ९३ टक्केच धरतात, आणि १७.२१ ला ०.९३ ने भागलं की बरोबर १८.५ येतात. म्हणजे पगार ४०,००० क्रोनर असेल तर धरला जातो ३७,२००, आणि दर महिन्याला तुमच्या नावावर पडतात ६,८८२ क्रोनर. त्यातले १६ टक्क्यांचे मुख्य पेन्शनला आणि २.५ टक्क्यांचे फंडांमध्ये. पगाराला वरून मर्यादा आहे, २०२५ ला ती महिन्याला साधारण ५४,००० क्रोनरच्या आसपास होती, त्याच्या वरच्या पगारावर पेन्शनचा हक्क वाढत नाही पण मालकाला मात्र १०.२१ टक्के भरावेच लागतात, ते सरळ सरकारच्या तिजोरीत जातात. जास्त पगारवाले यावर कुरकुरतात. मला ते ठीक वाटतं.

आता खरी गंमत मुख्य पेन्शनची, इन्कोम्स्टपेन्शन म्हणतात तिला. माझ्या नावावर दर वर्षी रक्कम वाढत जाते, पाकिटात ती छापून येते, पण ते पैसे तिथे नसतातच. मी आज भरलेले पैसे याच महिन्यात आजच्या म्हाताऱ्या माणसांना वाटले जातात. माझ्याकडे राहते ती फक्त नोंद, आणि त्या नोंदीवर दर वर्षी जे "व्याज" चढतं ते देशातल्या सरासरी कमाईच्या वाढीएवढं असतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला धक्का बसला होता, वाटलं ही तर साखळीच झाली, मागून येणारे कमी झाले की बुडणार. पण ते बुडू नये म्हणून आत जे काही करून ठेवलंय तेच या सर्व्हिसचं सगळ्यात भारी फीचर आहे आणि हा रिव्ह्यू लिहायचं कारणही तेच.

थोडं मागे जावं लागेल. आधीची जुनी सिस्टीम १९६० ला सुरू झाली होती, तिचं नाव एटीपी. तिच्यात ३० वर्षं काम केलं की त्यातल्या सगळ्यात चांगल्या १५ वर्षांच्या कमाईवर पेन्शन ठरायची आणि मग ती महागाईप्रमाणे वाढत जायची. म्हणजे देशाची कमाई वाढो न वाढो, दिलेला शब्द तेवढाच. पगार जोरात वाढत होते तोपर्यंत चाललं, मग वाढ मंदावली, लोक जास्त जगायला लागले, आणि ९० च्या सुरुवातीला इथे मोठं आर्थिक संकट आलं तेव्हा सगळ्यांनाच दिसलं की हे असं टिकणार नाही. शिवाय ती अन्यायकारकही होती, कारण १५ चांगल्या वर्षांचा नियम चढत्या पगाराच्या शिकलेल्या लोकांना फळायचा आणि ४५ वर्षं एकाच पगारावर राबणाऱ्या कामगाराला तोट्यात टाकायचा. १९९४ ला पाच पक्षांनी, डावे उजवे दोन्हीकडचे, मिळून नवीन सिस्टीमची तत्त्वं मान्य केली, १९९८ ला कायदे झाले. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर पेन्शन हा निवडणुकीत वाटायचा विषय ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि त्यासाठी पक्षांचा एक संयुक्त पेन्शन गट आजपर्यंत चालू ठेवला.

बदल एका दिवसात नाही केला. १९३७ किंवा आधी जन्मलेले सगळे जुन्यात, १९५४ किंवा नंतर जन्मलेले सगळे नव्यात, आणि मधल्यांना थोडं जुनं थोडं नवं. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, जन्म १९४४ चा, त्यांना बरोबर अर्धी जुन्या नियमाने आणि अर्धी नव्या. त्या आधी वृद्धांच्या घरी जाऊन मदत करायचं काम करायच्या, मुलं लहान होती तेव्हा कित्येक वर्षं अर्धवेळ. या आजींचं नाव मी इथे देणार नाही पण या सगळ्यातलं मला जे कळतं त्यातलं निम्मं त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना कळलंय.

तर ते आतलं मशीन. पहिली गोष्ट म्हणजे भाजक. तुम्ही रिटायर होता तेव्हा खात्यावरची रक्कम एका आकड्याने भागतात आणि तो आकडा तुमच्या वर्षी जन्मलेले लोक अजून सरासरी किती जगतील यावर ठरतो. समजा खात्यावर २४ लाख क्रोनर आहेत आणि भाजक १६ आहे, तर वर्षाला दीड लाख, महिन्याला १२,५००. तुमच्या पुढच्या पिढीचं आयुष्य वाढलं आणि भाजक १७ झाला तर तेवढ्याच रकमेवर महिन्याला ११,७६५ च्या आसपास. कायदा बदलायला नको, मोर्चा नको, मतदान नको, जास्त जगणार आहात म्हणून तीच रक्कम जास्त महिन्यांवर पसरते. बाई आणि पुरुषाचा भाजक एकच आहे, हे मला फार आवडलं कारण बायका जास्त जगतात आणि कमी कमावतात, त्यांना वेगळा भाजक लावला असता तर दोन्हीकडून मार बसला असता.

दुसरी गोष्ट थोडी किचकट आहे पण नक्की समजून घ्या, कारण याच्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतात. भाजक काढतानाच पुढच्या वर्षांची १.६ टक्के वाढ आगाऊ देऊन टाकलेली असते, त्यामुळे सुरुवातीची पेन्शन जरा मोठी दिसते. मग दर वर्षी पेन्शन वाढवताना देशातल्या कमाईची वाढ उणे १.६ एवढीच मिळते. पगार ३.६ टक्के वाढले तर पेन्शन २ टक्के. लोक म्हणतात आमच्या वाढीतून १.६ कापतात, पण ते तुम्हाला पहिल्या दिवशीच मिळालेले असतात. हे मी माझ्या तीन ओळखीच्यांना समजावलंय आणि तिघांनीही आधी विश्वास ठेवला नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ब्रेक. ब्रेकच म्हणतात इथेही, ब्रॉमसेन. दर वर्षी पेन्शन खातं, म्हणजे सरकारी पेन्शन एजन्सी, एखाद्या कंपनीसारखा पूर्ण ताळेबंद काढते. एका बाजूला आतापर्यंत दिलेले सगळे शब्द, माझ्या नोंदीसकट, म्हणजे देणं. दुसऱ्या बाजूला येणाऱ्या वर्गण्यांची किंमत, जी काढतात वर्षाच्या वर्गणीला एक क्रोनर आत येऊन पेन्शन म्हणून बाहेर पडायला जी साधारण ३० वर्षं लागतात त्याने गुणून, आणि अधिक राखीव फंडांमधली रक्कम. हे एपी फंड म्हणजे शिल्लक ठेवलेला गल्ला, सगळे मिळून २ लाख कोटी क्रोनरच्या आसपास, ज्या वर्षी वर्गणीपेक्षा वाटप जास्त होतं तेव्हा फरक यातून भरतात. मग मालमत्ता भागिले देणं, उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत. १.०००० च्या खाली आलं की ब्रेक आपोआप लागतो, पेन्शन आणि आमच्या कामकऱ्यांच्या नोंदी दोन्ही कमी वेगाने वाढतात किंवा सरळ कमी होतात, आणि समतोल परत आला की हळूहळू वेग भरून काढतात.

हे फक्त कागदावर नाहीये, ते झालंय. २००८ च्या जागतिक मंदीत फंड आपटले आणि तो आकडा १ च्या खाली गेला. आजी २००९ ला ६५ व्या वर्षी रिटायर झाल्या आणि पहिल्याच पूर्ण वर्षी, २०१० ला, पेन्शन ३ टक्के कमी झाली. २०११ ला अजून ४.३ टक्के. नंतर दोन वर्षं चांगली वाढ, मग २०१४ ला परत २.७ टक्के घट, ती माझ्या डोळ्यासमोर झाली. त्या वर्षी आजींनी मला दोन कागद शेजारी ठेवून दाखवले, गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा, आणि एवढंच म्हणाल्या की कायदा मला आधीपासून माहीत होता पण महिन्याची रक्कम कमी झालेली बघायची सवय मात्र कुणालाच नसते. मी त्यावर काय बोलणार होते. माझ्या नोंदीवरही ब्रेकचा परिणाम झाला होता पण माझ्याकडे पगार होता आणि पुढची ३० वर्षं होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रेक जसाच्या तसा लागू दिला नाही. मूळ नियमाने २०१० ची घट ४.५ टक्क्यांच्या आसपास गेली असती, पण त्याच पाच पक्षांनी मिळून राखीव फंडांची किंमत एका दिवसाची न धरता तीन वर्षांच्या सरासरीने धरायचं ठरवलं आणि आकडा ०.९८२६ वर आला. शिवाय सरकारने त्या वर्षांत पेन्शनवाल्यांचा टॅक्स कमी केला. काही अभ्यासू लोकांना हे खटकलं, ऑटोमॅटिक म्हणायचं आणि लागल्यावर हात घालायचा हे कसं. मला खटकलं नाही, कारण बोजा पुढच्या पिढीच्या खात्यावर लपवून ढकलला नाही, टॅक्समधून दिला तो उघड बजेटमध्ये दिसत होता, आणि २०१८ ला ब्रेक पूर्ण सुटेपर्यंत मशीन आपलं काम करत राहिलं. दुसरीकडे काय होतं बघा. पोलंडने १९९९ ला अशीच नोंदीची खाती सुरू केली, २०१२ ला रिटायर व्हायचं वय टप्प्याटप्प्याने ६७ करायचा कायदा केला आणि २०१७ ला तो परत फिरवून बायकांना ६० पुरुषांना ६५ केलं. वय लवकरचं आणि खात्यातून मिळणारी पेन्शन आयुष्याप्रमाणे घटणारी, याचा अर्थ सिस्टीम टिकेल पण ६० ला घरी बसलेल्या बाईची पेन्शन छोटी राहील. इटलीने १९९५ ला हाच मार्ग घेतला पण ज्यांची १८ वर्षं भरून झाली होती त्यांना जुनेच नियम ठेवले, त्यामुळे फरक दिसायला काही दशकं लागली.

वयाचा विषय निघालाच आहे तर. स्वीडनमध्ये पक्कं असं रिटायरमेंटचं वय नाही, मुख्य पेन्शन लवकरात लवकर कधी घेता येईल ते आहे, आणि ते ६१ होतं, २०२० ला ६२ झालं, २०२३ ला ६३, आणि २०२६ पासून ६४. गॅरंटी पेन्शनचं (कमी कमाईवाल्यांना सरकार देतं ती किमान पेन्शन) वय ६५ वरून ६६ आणि मग ६७. इथून पुढे वय आयुर्मानाला बांधलंय, ६५ व्या वर्षी उरलेलं आयुष्य जेवढं वाढतं त्याच्या दोन तृतीयांश वाढ वयात जाते आणि एक तृतीयांश तुमच्या निवृत्तीला मिळते. सहा वर्षं आधी जाहीर करतात. हे दोन तृतीयांशचं गणित मला मनापासून पटतं, जास्तीचं आयुष्य सगळंच कामात घातलं नाही आणि सगळंच पेन्शनवरही टाकलं नाही. पण आजींसारखं काम केलेली बाई ६७ पर्यंत पलंगावरून माणसं उचलू शकते का? ऑफिसात बसून काम करणारी मी हे ठरवणार कोण. कष्टाची कामं करणारे सरासरी लवकर जातात आणि त्यांच्या न वापरलेल्या नोंदी जास्त जगणाऱ्यांना जातात, हा या डिझाइनमधला सगळ्यात दुखरा भाग आहे आणि त्याच्यावर अजून कुणी नीट उपाय काढलेला मला दिसला नाही.

न वापरलेल्या नोंदी म्हणजे काय ते सांगते. पाकिटात एक छोटी ओळ असते, आर्व्सविन्स्त, वारसा लाभ. माझ्या वेळी पहिल्यांदा ती काही शे क्रोनरची होती. मी गुगल केलं. माझ्याच वर्षी जन्मलेली जी माणसं त्या वर्षी वारली त्यांच्या खात्यावरची रक्कम आमच्या सगळ्यांच्यात वाटून येते. मी कितीतरी वेळ ती ओळ बघत बसले होते. कुठलं तरी माझ्याच वयाचं माणूस, माझ्यासारखंच ऑफिसला जाणारं, आणि त्याच्या वाट्याचं थोडंसं माझ्या म्हातारपणात आलं. दर वर्षी पाकीट उघडलं की मी आधी ती ओळ शोधते. आकड्यांच्या कागदावर एवढं खरं काही लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

आता फंडांचा भाग, प्रेमीपेन्शन, ते २.५ टक्के. हे खरे पैसे असतात, खरोखर गुंतवलेले. तुम्ही स्वतः फंड निवडू शकता, काहीच नाही केलं तर सरकारी डिफॉल्ट मिळतो, एपी सेवनचा सोफा नावाचा, ज्यात ५५ वर्षांपर्यंत पूर्ण शेअर्स आणि मग हळूहळू बाँडकडे. फी ०.१ टक्क्याच्याही खाली. माझा सल्ला सरळ आहे, हात लावू नका. एकेकाळी यादीत ८०० च्या वर फंड होते, माणूस बघूनच दमायचा, आणि त्याच गर्दीत काही कंपन्यांनी लोकांचे पैसे लुबाडले, त्याच्या केसेस झाल्या, शिक्षा झाल्या. मला स्वतःला २०१५ च्या सुमारास एका फंड विकणाऱ्या कंपनीचा फोन आला होता, बोलणारा इतका गोड की मला वाटलं सरकारी ऑफिसातूनच बोलतोय, माझं अर्धंमुर्धं स्वीडिश ऐकून तो सावकाश समजावत होता, आणि मी बँकआयडी हातात घेतलाच होता तेवढ्यात मुलाखतीसारखे प्रश्न विचारायला लागला म्हणून संशय आला आणि फोन ठेवून दिला. २०१८ ला फोनवरून हे विकायला बंदी आली, आणि २०२२ पासून फंड निवडून पारखून यादीत घ्यायला एक वेगळी सरकारी यंत्रणा आहे. उशिरा आलं पण चांगलं आलं.

मुलं असतील तर हे वाचाच. माझी मुलगी २०१६ ची, मी मोठी रजा घेतली आणि मग ७५ टक्के काम केलं, आणि मला वाटलं माझ्या पेन्शनचं वाटोळं झालं. तर इथे मुलाच्या पहिल्या चार वर्षांसाठी आईवडिलांपैकी ज्याची कमाई कमी त्याच्या खात्यावर वेगळा हक्क जमा होतो, आणि त्याची वर्गणी सरकार बजेटमधून भरतं, फुकट नोंद करत नाही. आजारपण, बेकारी, पालक रजा यांच्या भत्त्यावरही तसंच. हे बारकाईने बघा, कारण टिकण्याचं खरं रहस्य इथे आहे. ज्याला मदत म्हणायचं त्याचे पैसे टॅक्समधून येतात आणि तिजोरीला त्याच वर्षी टोचतात, पेन्शनच्या खात्यात फुकटचा शब्द कोणी घुसवू शकत नाही. गॅरंटी पेन्शन पण, ज्यांची कमाई आयुष्यभर कमी राहिली त्यांच्यासाठी, पूर्ण बजेटमधून. अजून एक, लग्न झालेलं असेल तर नवरा त्याचा फंडाचा भाग बायकोच्या नावावर वळवू शकतो, आम्ही ते केलंय, ऑनलाइन होतं, आणि मुलगी शाळेत जाईपर्यंत तरी प्रत्येक जोडप्याने करावं असं मी हट्टाने सगळ्यांना सांगते.

मग स्टार का कापला. कारण ताळेबंद जुळतो, पण तो जुळवताना जे कमी पडतं ते पेन्शनवाल्याच्या रकमेतून जुळतं. १८.५ टक्के पक्के, आयुष्य वाढणार, मग एकच गोष्ट हलू शकते, महिन्याची रक्कम. म्हणून जास्त काळ काम केलं नाही तर प्रत्येक नवीन पिढीला पगाराच्या तुलनेत थोडी कमी मिळणार. अर्धवेळ राबलेल्या बायकांच्या हातात इतकं कमी यायला लागलं की सरकारला बाहेरून ठिगळं लावावी लागली, २०२१ ला महिन्याला ६०० क्रोनरपर्यंतची जोड, २०२२ ला गॅरंटी पेन्शनमध्ये १,००० पर्यंत वाढ. गरजूंना मिळालं ते मला हवंच होतं. पण त्याने एक वेगळीच खंत तयार झाली, ती आजींनी मला बोलून दाखवली, की मी ४० वर्षं काम केलं आणि जिने फार कमी काम केलं तिच्यात आणि माझ्यात आता घरभाड्याची मदत धरून फारसा फरक उरला नाही. हे ऐकून घ्यायला हवं, कारण काम केलं तर मिळतं या विश्वासावरच ही सिस्टीम उभी आहे. आणि उलटा प्रश्नही आहे, राखीव फंड फुगले आणि आकडा १ च्या बराच वर गेला तर जास्तीचं वाटायचं का, त्याला लोक गॅस म्हणतात, ब्रेकच्या उलटा. त्यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली आहे. माझं मत वाटावं, पण उशिरा वाटावं आणि गल्ला रिकामा होईल एवढं कधीच नाही, २००८ सारखं वर्ष सांगून येत नाही.

वर्गणी वाढवली तर? मला विचाराल तर थोडी वाढवावी. १८.५ हा आकडा देवाने दिलेला नाही. भाजक, ब्रेक, वय सगळं तसंच ठेवून आत येणारा पैसा थोडा वाढला तर जे तरुण आहेत त्यांनाच पुढे मिळेल, कारण भरलेला प्रत्येक क्रोनर भरणाऱ्याच्याच नावावर पडतो. आणि जास्त लोक जास्त काळ कामात, बाहेरून आलेले आमच्यासारखे धरून, हे ताळेबंदात वर्गणीच्या बाजूला सरळ दिसतं. मी भरलेल्या पैशातून माझ्या खालच्या आजींची पेन्शन जाते, हे मला महिन्याच्या २५ तारखेला पगार आला की आठवतं.

वापरायला कसं आहे? वेबसाइट सोपी, इंग्रजीत पण बरीच माहिती आहे. सरकार आणि पेन्शन कंपन्या मिळून चालवतात ती मिन पेन्शन नावाची साइट तर नक्की वापरा, सरकारी, कंपनीची, खाजगी सगळी एकत्र दिसते आणि ६४, ६७, ७० असं वय सरकवून रक्कम कशी बदलते बघता येतं. मी ६४ आणि ६८ मधला फरक बघितला त्या दिवशी माझा लवकर रिटायर व्हायचा प्लॅन बदलला.

शेवटचं, जे परत जाणार आहेत त्यांच्यासाठी, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. देश सोडलात म्हणून मुख्य पेन्शन आणि फंडांचा भाग बुडत नाही, जगात कुठेही राहिलात तरी मिळते. गॅरंटी पेन्शनचं तसं नाही, ती इथे राहिलेल्या वर्षांवर असते आणि पूर्ण मिळायला ४० वर्षं लागतात. पेन्शन आपोआप सुरू होत नाही, अर्ज तुम्हालाच करायचा आहे, त्यामुळे पर्सनल नंबर आणि एक तरी नारिंगी पाकीट जपून ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा. सुरू झाल्यावर परदेशात असाल तर जिवंत असल्याचा दाखला मागतात, तो वेळेत नाही पाठवला तर पैसे थांबतात.